पाणथळ जागेतली ब्राह्मी आणताय? या चुका टाळा

पहिला घोळ ओळखण्यातच होतो. ब्राह्मी म्हणून बरेच जण जे खुडून आणतात ती असते मंडूकपर्णी, लांब देठावर गोल पान आणि कडेला बारीक कातरे. तीही औषधी आहेच, पण झाड वेगळं. जलब्राह्मीचं, म्हणजे आपल्याला हव्या त्या ब्राह्मीचं, पान एवढंसं, जाडसर, टोकाला गोल आणि खाली निमुळतं, देठ जवळपास नाहीच, आणि प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पानं. फूल पांढरं नाहीतर फिकट जांभळं, पाच पाकळ्यांचं. खात्री नसेल तर फुलं येईपर्यंत थांबा ना, काय बिघडतंय.

ओळख पटली तरी जागा बघा, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ही वनस्पती पाण्यातलं कॅडमियम, क्रोमियमसारखं काहीबाही शोषून घेते, म्हणून तर घाण पाणी स्वच्छ करायला तिच्यावर प्रयोग झालेत, मग गटाराच्या, कारखान्याच्या पाण्यावरची हिरवीगार ब्राह्मी कितीही धुवा नाहीतर उकळा, आत गेलेला धातू आतच राहतो. गुरं पाण्यावर येतात तिथली तर कच्ची खाऊच नका, यकृतातल्या चपट्या कृमीची पिल्लं पाणवनस्पतींना चिकटून बसतात आणि नुसत्या धुण्याने जात नाहीत, उकळल्यावर मरतात.

उपटू नका, वरून कात्रीने कापा. खाली दोन-चार बोटं ठेवली की पेरांतून परत फुटते.

वाळवताना काळी पडली, बुरशी आली? थर जाड झाला असणार. रसाळ काड्या आहेत, सावलीत, वारं लागेल असं पातळ पसरा, रोज उलटा, आणि काडी कट्कन मोडली की मगच बरणीत.

ब्राह्मी घालून केलेलं तेल खवट होतंय म्हणजे आत पाणी राहिलंय. मंद आचेवर कढवा, तळाचा चोथा बोटांत वळून विस्तवावर टाका, तडतडला तर अजून वेळ आहे.

पोटात घेताना रिकाम्या पोटी नको, मळमळ, जुलाब होतात. आणि दोन दिवसांत स्मरणशक्ती वाढली का म्हणून बघत बसू नका, चाचण्याच साधारण १२ आठवड्यांच्या असतात आणि त्यात मोजून दिलेला अर्क असतो, घरची मूठभर पावडर नाही. थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील, हृदयाचे ठोके मंद असतील किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.