चीनमधली जुनी अनधिकृत लष्करी पदकं जमवताय? या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धाआधी कितीतरी दशकं हाँगकाँग, शांघाय, तिएनत्सिन (आजचं तिआनजिन), पेकिंग (आजचं बीजिंग) अशा ठिकाणी परदेशी फौजा तळ ठोकून होत्या. त्यांच्या सरकारांनी दिलेल्या पदकांचा अभ्यास भरपूर झालाय. पण त्याच शिपायांच्या पेटीत आणखीही पदकं असायची. काही शहराच्या कौन्सिलनं दिलेली, काही रहिवाशांनी पैसे घालून घडवलेली, काही अधिकाऱ्यांच्या संघटनेची, काही नेमबाजीत जिंकलेली, तर काही सरळ बाजारातून आठवण म्हणून विकत घेतलेली. मला ओढ या दुसऱ्या प्रकाराची. तिथं राहिलेल्या माणसांना स्वतःहून काय जपून ठेवावंसं वाटलं, ते यांच्यात सापडतं.

अडचण एवढीच की सरकारी पदकाला नियमावली असते, मिळालेल्यांची नामावळी असते. इथं बहुतेक वेळा दोन्ही नसतं. मग विकणारा जे सांगेल तेच खरं मानायची पाळी येते, आणि पुढच्या सगळ्या चुका तिथून सुरू होतात.

'अनधिकृत' म्हणजे बनावट असं समजणं

१८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगची साथ आली. ताइपिंगशान वस्तीत घरोघर झडती घ्यायची, रोगी आणि प्रेतं हलवायची, घरं धुऊन चुना मारायचा, हे काम ब्रिटिश फौजेतल्या श्रॉपशायर लाइट इन्फन्ट्रीच्या शिपायांनी केलं. साथ ओसरल्यावर हाँगकाँगच्या रहिवाशांनी त्यांच्यासाठी पदक करवून घेतलं. मोजक्यांना सोन्याचं, बाकीच्यांना चांदीचं. त्यावरचं चित्र फ्रँक बाउचर या शिल्पकाराचं. आडवा पडलेला चिनी रोगी, त्याच्यावर झेपावणारी मृत्यूची पंख असलेली आकृती, आणि तिला हातानं मागे रेटणारा शिपाई. हे पदक गणवेशावर लावायची परवानगी मात्र लष्करानं दिली नाही, म्हणून ते अनधिकृत. तरीही कारागिरी आणि इतिहास या दोन्ही बाबतींत ते अनेक सरकारी पदकांना मागे टाकतं. दोनच वर्षांनी ही साथ मुंबईत पोचली आणि १८९७ मध्ये पुण्यात घरझडतीला गोरे सोजीर आले. त्यामुळे पदकावरच्या त्या शिपायाकडे मराठी माणूस हाँगकाँगकरांच्या कृतज्ञतेनं पाहू शकत नाही. माझ्या मते हे पदक आपण मुद्दाम अभ्यासावं ते याचसाठी.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेचं. १९०० च्या बॉक्सर बंडात, म्हणजे परदेशी लोकांविरुद्धच्या चिनी उठावात, चीनला गेलेल्या अधिकाऱ्यांनी 'मिलिटरी ऑर्डर ऑफ द ड्रॅगन' नावाची संघटना काढली आणि स्वतःचं पदक ठरवलं. सरकारनं ते दिलेलं नव्हतं, पण अशा संघटनांचे बिल्ले समारंभाच्या वेळी लावायला अमेरिकन कायद्यानंच मुभा दिली. म्हणजे सरकारी आणि बनावट यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. पदक हातात आलं की आधी विचारायचं ते हे: कुणी दिलं, कुणाला दिलं आणि कशाबद्दल?

ड्रॅगनवरून आणखी एक गफलत होते. 'ऑर्डर ऑफ द डबल ड्रॅगन' हा चीनच्या चिंग राजवटीनं १८८२ मध्ये सुरू केलेला राजकीय सन्मान. त्याचा या संघटनेशी काही संबंध नाही. नावातल्या साम्यावर एकाच्या भावात दुसरं विकलं जातं.

उलट दिशेची चूक आपल्याकडे जास्त दिसते. १९०० च्या चीन मोहिमेचं ब्रिटिश पदक लढणाऱ्या शिपायांना चांदीचं मिळालं, पण फौजेबरोबर गेलेल्या हिंदी नोकरवर्गाला तेच ब्राँझचं मिळालं. घरातल्या जुन्या पेटीत असं तांबूस पदक निघालं की 'चांदीचं नाही, म्हणजे नक्कल' म्हणून ते भंगारात जातं. ते पूर्णपणे सरकारी आहे. कडेवरचं नाव वाचा. त्या मोहिमेच्या नामावळ्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत.

तारखा जुळवून न बघणं

नामावळी नसली तरी कोणती पलटण कुठे आणि कधी होती ते पक्कं माहीत असतं. पदकावरची पलटण, गाव आणि साल ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत.

अमेरिकेची १५वी इन्फन्ट्री रेजिमेंट १९१२ ते १९३८ तिएनत्सिनला होती. अमेरिकेचीच चौथी मरीन रेजिमेंट १९२७ च्या मार्चमध्ये शांघायला उतरली, नोव्हेंबर १९४१ च्या शेवटी फिलिपिन्सला गेली आणि मे १९४२ मध्ये तिथल्या कोरेगिडोर बेटावर जपान्यांना शरण गेली. त्यामुळे 'चौथी मरीन, शांघाय, १९२५' असं काही दिसलं तर पुढचं वर्णन वाचायचीही गरज नाही. 'शांघाय १९४२' दिसलं तरी तेच.

शांघायच्या परदेशी वस्तीचा कारभार पाहणाऱ्या म्युनिसिपल कौन्सिलचं १९३७ चं इमर्जन्सी मेडल बाजारात बऱ्यापैकी येतं. ब्राँझचा आठ टोकांचा तारा, मध्ये कौन्सिलची तीन ढालींची मुद्रा, आणि मागे सेवेचा काळ दिलेला असतो: १२ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९३७. शहरात चिनी आणि जपानी फौजांची लढाई पेटली त्या तीन महिन्यांत पोलीस, स्वयंसेवक दल, अग्निशमन दल आणि मदतीला आलेले नागरिक यांना ते मिळालं. ते ब्रिटनच्या राजानं नाही, कौन्सिलनं दिलेलं आहे. कुणी ते १९३२ च्या शांघाय संघर्षाचं म्हणून विकत असेल तर त्याला पदक उलटं करायला सांगा, मागच्या बाजूला उत्तर लिहिलेलं आहे.

१९२७ चं प्रकरण जरा वेगळं. त्या वर्षी ब्रिटननं शांघाय डिफेन्स फोर्स पाठवली, तिच्यात एक हिंदी ब्रिगेडही होती. या कामगिरीसाठी मोहिमेचं वेगळं पदक निघालं नाही. तिच्या खुणा सापडतात त्या शिपायांनी आठवण म्हणून ठेवलेल्या खासगी वस्तूंतच, आणि 'शांघाय १९२७ चं सरकारी पदक' अशी जाहिरात दिसली की हात आखडता घ्यावा.

अमेरिकन नौदलाच्या चायना सर्व्हिस मेडलमध्ये तर जाणकारही फसतात. ते आधी १९३७ ते १९३९ च्या सेवेसाठी होतं, मग त्याच नक्षीचं पदक १९४५ नंतरच्या सेवेसाठीही दिलं गेलं. ते आहे सरकारी, पण अनधिकृत पदकांच्या संचात शोभेसाठी घालून संपूर्ण संच युद्धापूर्वीचा म्हणून खपवला जातो.

नाव शोधायचं असेल तर मरीन कोअरचे हजेरीपट महिनावार आहेत आणि स्कॅन झालेले आहेत. १५व्या इन्फन्ट्रीचं 'सेंटिनेल' आणि चौथ्या मरीनचं 'वाला वाला' या रेजिमेंटच्या नियतकालिकांत तिथल्या रोजच्या जगण्याच्या बातम्या यायच्या. शांघायच्या स्वयंसेवकांसाठी 'नॉर्थ चायना हेराल्ड' चाळावा, नेमबाजीच्या स्पर्धांचे निकाल त्यात छापले जात. एखादं जिंकलेलं पदक त्या आठवड्याच्या अंकात नावानिशी सापडलं, तर नामावळीची उणीव तिथंच भरून निघते.

कोरलेल्या नावावर भाळणं

१९३७ चं इमर्जन्सी मेडल कोऱ्या कडेनंच दिलं गेलं. तेव्हा त्यावर नाव दिसलं तर ते नंतर कोरलेलं असणार. मिळालेल्या माणसानं स्वतः कोरून घेतलं असेल, किंवा परवा एखाद्या दुकानदारानं.

हे ओळखायला सराफाचं दहापटीचं भिंग पुरतं. पदक खिडकीजवळ तिरक्या उजेडात धरा. जुन्या अक्षराच्या खाचेत बाकीच्या धातूइतकाच काळसरपणा असतो, आणि वर्षानुवर्षांचे बारीक ओरखडे अक्षराच्या काठावरूनही गेलेले असतात, त्यांनी त्या काठाची धार बोथट केलेली असते. नव्या अक्षरात तळ चकाकतो, काठावर धातूचा बारीक कंगोरा उभा असतो, आणि तोच जुना ओरखडा अक्षरापाशी येऊन मधूनच कापला गेलेला दिसतो. नखानं हलकेच चाचपलं तरी हा कंगोरा लागतो. रसायन लावून खाच काळी केली असेल तर तो काळेपणा सगळीकडे सारखा असतो. खऱ्या जुन्या खाचेत तो कोपऱ्यात दाट आणि मध्ये विरळ असतो.

ओतीव नकलेसाठीही हेच भिंग वापरा. कौन्सिलच्या मुद्रेतल्या ढालींवर वेगवेगळ्या देशांचे इवलेसे ध्वज आहेत. ठोकून काढलेल्या पदकात त्यांच्या रेघा मोजता येतात, ओतलेल्यात त्या एकमेकींत मिसळतात आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसतात. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मापात किंचित लहान भरते. व्हर्निअर कॅलिपर जवळ ठेवा.

चांदीवर ९२५ (शुद्धतेचा शिक्का) शोधत बसणं

शांघायच्या टक चांग, लुएन वो, हुंग चोंग, झी वो अशा पेढ्या परदेशी गिऱ्हाइकांसाठी चांदीकाम करत. त्यांच्या शिक्क्यात रोमन आद्याक्षरं, चिनी अक्षरांतला कारागिराचा ठसा आणि कधी '९०' हा आकडा असतो. ब्रिटिश हॉलमार्क नाही म्हणून ते नाकारू नका. उलट, पांढरं दिसणारं सगळं चांदी नसतं. पाकतुंग हा तांबं, निकेल आणि जस्ताचा चिनी मिश्रधातू डोळ्यांना अगदी चांदीसारखा भासतो. ओळखीच्या सराफाकडे एक्सआरएफ यंत्रावर, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या, त्यात ओरखडाही पडत नाही. कसोटीवर मात्र घासू देऊ नका.

उजळवणं

चिंच, लिंबू, पितळेची पावडर, टूथपेस्ट, यांतलं काहीही नको. पदकावरचा काळेपणा हाच त्याच्या वयाचा पुरावा, वर नाव जुनं की नवं हे ओळखायची सोय त्याच थरात असते. एकदा घासलं की ती कायमची गेली. जुनी फीत मळकी, फाटकी असली तरी बदलू नका. फारच जीर्ण झाली असेल तर वेगळ्या पाकिटात ठेवा, पण त्याच पदकाबरोबर.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात धोका साठवणीचा असतो. पीव्हीसीच्या मऊ खिशांतून चिकट हिरवट थर धरतो, रबरबँडमधल्या गंधकानं चांदी काळीठिक्कर पडते. मायलारचे (पॉलिएस्टरच्या पारदर्शक पातळ पत्र्याचे) खिसे, हवाबंद डबा आणि सिलिका जेल वापरा, आणि जूनच्या आधी जेल तापवून कोरडं करून घ्या.

संच फोडणं

एका माणसाची पदकं, बिल्ले, फोटो, पासबुक असं एकत्र मिळालं तर त्यातलं देखणं तेवढं ठेवून बाकीचं विकू नका. अनधिकृत पदकाची ओळख पटवणारं बहुतेक वेळा दुसरं काहीच नसतं. शांघाय पोलिसांतल्या शीख शिपायाचं सेवापदक त्याच्या क्रमांकाच्या कागदाबरोबर असेल तर तो माणूस सापडतो. सुटं पदक नुसतं धातू उरतं.

कायद्याकडे दुर्लक्ष

ही चूक पैशापेक्षा महागात पडते. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला भारताबाहेर पाठवता येत नाही. देशात विकणाऱ्यालाही व्यवसाय म्हणून करायचं तर परवाना लागतो. १८९४ चं प्लेगचं पदक किंवा १९०० चं ब्राँझ पदक परदेशी लिलावाला कुरिअरनं पाठवलं तर ते कस्टममध्ये अडकेल आणि प्रकरण तेवढ्यावर थांबणार नाही. १९३७ चं पदक त्या मर्यादेत अजून येत नाही, पण ते पाठवतानाही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा. १९२७ च्या शांघायच्या वस्तू २०२७ मध्ये शंभरी गाठतील. ज्यांना त्या बाहेरच्या संग्रहालयाला किंवा कुटुंबाला द्यायच्या आहेत, त्यांनी या दाखल्यासाठी अर्ज आताच करावा.