ब्लेड तुटलं तर केसिंग टिकतंय का, सिम्युलेशन कसं करायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ग्राइंडरचा दगड फुटताना ज्यानं बघितलाय त्याला हा विषय वेगळा सांगायला लागत नाही, तुकडा गार्डवर आदळला आणि पत्रा फाटला की खेळ खल्लास. विमानाच्या इंजिनात पण तेच, पुढच्या मोठ्या पंख्याचं, म्हणजे फॅनचं, ब्लेड तुटलं तर भोवतीच्या कड्यानं, म्हणजे केसिंगनं, ते आत अडवायचं असतं, फक्त तिथं गार्ड नुसता जाड करून चालत नाही, प्रत्येक किलो आयुष्यभर उडवत न्यायचा असतो.

आधी कागदावर हिशोब करा. समजा फॅनचं टायटॅनियमचं ब्लेड ५ किलो, गुरुत्वमध्य ०.६ मीटरवर, ५००० आरपीएम. वेग सेकंदाला ३१४ मीटर, ऊर्जा साधारण २४७ किलोज्यूल. म्हणजे १२०० किलोची कार शिरोलीच्या हायवेला ताशी ७३ नं येऊन ठोकावी तेवढी.

आता मॉडेल. मी एलएस-डायना वापरतो, टक्कर-धडकेचं सिम्युलेशन करायचं सॉफ्टवेअर. अख्खं इंजिन मांडत बसू नका, तुटणारं ब्लेड, त्याच्या मागचं एक आणि केसिंगची पूर्ण रिंग बास. मागचं कशाला? तर तुटलेल्याचं टोक आधी घासतं, वाकतं, मोडतं, आणि मागून येणारं ब्लेड उरलेल्या बुडाला ढकलतं, बूड जड असतंय आणि बऱ्याचदा भोक तेच पाडतं. म्हणून पहिला दणका बघून रन बंद करू नका, एक फेराच १२ मिलिसेकंदांचा आहे, तेवढा तरी चालू द्या. आणि फिरण्याचा ताण ब्लेडमध्ये आधी बसवून घ्या, नाहीतर ते सुटायच्या आधीच थरथरायला लागतं.

युनिटचं बघा हं. टन-मिमी-सेकंदमध्ये, म्हणजे वस्तुमान टनात आणि लांबी मिलिमीटरमध्ये धरली तर, टायटॅनियमची घनता ४.४३ गुणिले १० चा उणे ९ वा घात, मी एकदा उणे ६ टाकला आणि वस्तुमान ५ दिसलं म्हणून खूश, किलोच वाटलं की, पण ते ५ टन होतं राव! केसिंग पापडासारखं फुटलं आणि मी दोन दिवस जाडी वाढवत बसलो.

वजन वाचतं ते केवलारमुळं, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटात असतो त्या मजबूत धाग्यामुळं. आत अ‍ॅल्युमिनियमची पातळ शेल, बाहेरून कोरड्या कापडाचे वेढे. कबड्डीत साखळी धरून रेडरला अडवतात तसं कापड ताणून फुगतं आणि जोर सगळ्या घेरावर वाटतं. त्याला रेझिननं घट्ट केलेल्या कंपोझिटचं मटेरियल कार्ड (सॉफ्टवेअरमधली पदार्थाच्या गुणधर्मांची नोंद) लावू नका, ते कापडाला नसलेला ताठपणा देतं, कोरड्या कापडाचं वेगळं कार्ड आहे. धातूला जॉन्सन-कुक (वेग आणि तापमानानुसार ताकद बदलणारं मॉडेल), कॉन्टॅक्ट इरोडिंगवाला (फाटलेले घटक काढले तरी उरलेल्यांची टक्कर धरणारा), अवरग्लास एनर्जी (घटकांच्या खोट्या वाकण्यात जाणारी ऊर्जा) एकूण ऊर्जेच्या ५-१० टक्क्यांच्या खाली. मग वेढे एकेक कमी करत जा, फाटेपर्यंत.

आणि नुसतं भोक शोधू नका, केसिंग किती फुगलं तेही बघा. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत एका बोईंग ७३७ चं फॅन ब्लेड तुटलं, केसिंगनं ते अडवलं, पण ब्लेड आदळलं ते काउलच्या, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या झाकणाच्या, लॅचजवळच (कडीजवळ), त्या धक्क्यानं काउल फुटलं, तुकडा खिडकीवर बसला आणि एक प्रवासी गेली. म्हणून लॅचच्या जागी नोड (मॉडेलच्या जाळीतला बिंदू) निवडून त्याचं विस्थापन आधीच आउटपुटला लावून ठेवा, आणि ब्लेड सोडायचा कोन बदलून बदलून तीन-चार रन घ्या.