डावऱ्या मुलाला उजवे करू नका: घरी आणि शाळेत काय करावे

मूल डाव्या हाताने चमचा धरू लागले की घरातील कोणीतरी तो अलगद काढून उजव्या हातात देते, आणि यात कोणाला काही वावगे वाटत नाही. साधारणपणे दहा माणसांत एक माणूस डावरा असतो. उरलेले नऊ जण बहुसंख्य आहेत एवढ्यावरून दहावा चुकीचा ठरत नाही; कात्री, बाके आणि वह्या मात्र त्या नऊ जणांच्या सोयीने बनतात. म्हणून बदल मुलाच्या हातात नव्हे, तर वस्तूंच्या मांडणीत आणि मोठ्यांच्या सवयींत करावा लागतो.

सुरुवात निरीक्षणाने करावी. हाताचा कल बहुधा दोन ते चार वर्षांच्या दरम्यान स्पष्ट होतो. तोवर खडू, चमचा, चेंडू मुलाच्या अगदी समोर ठेवावा आणि कोणता हात पुढे येतो ते पाहावे. मुद्दाम उजवीकडे ठेवून वळण लावण्याचा आडमार्ग टाळावा. दीड वर्षाच्या आतील बाळ सतत एकच हात वापरत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण दुसऱ्या हातात अशक्तपणा असण्याची शक्यता तपासून घेणे आवश्यक असते.

सर्वाधिक लक्ष लिहिण्याकडे द्यावे. देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहिली जात असल्यामुळे डावऱ्या मुलाचा हात नुकत्याच उमटलेल्या अक्षरांवरून सरकतो, शाई फासते, शब्द झाकले जातात आणि ते दिसावेत म्हणून मूल मनगट आकड्यासारखे वाकवून लिहू लागते. वही शरीराच्या मध्यापासून थोडी डावीकडे सरकवावी, तिचा वरचा डावा कोपरा उजव्या कोपऱ्यापेक्षा उंच येईल अशी ती तिरकी करावी आणि पेन्सिल टोकापासून सुमारे 3 सेंटिमीटर वर धरायला शिकवावे, म्हणजे हात ओळीच्या खाली राहतो. शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढणे मुलाला सोपे जात असेल तर तशी ओढू द्यावी. कागदावर ती सारखीच दिसते. जेल पेनापेक्षा लवकर वाळणाऱ्या शाईचे पेन बरे.

शाळेत वर्गशिक्षिकेला वर्षाच्या आरंभीच भेटून मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवण्याची विनंती करावी, अन्यथा शेजाऱ्याच्या उजव्या कोपराशी त्याचा कोपर दिवसभर आपटत राहतो. हस्तकलेच्या तासाला डाव्या हाताची कात्री द्यावी. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की तिचे वरचे पाते कापायची रेघ झाकते, शिवाय बोटांच्या दाबाने पाती एकमेकांपासून फाकतात आणि कागद कापला न जाता दुमडतो. अशा मुलाला वेंधळे म्हणणे हा अन्यायच आहे.

खरी गाठ पंगतीत आणि देवघरात पडते. जेवणासाठी उजवा हात आणि शौचासाठी डावा, ही विभागणी स्वच्छतेच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे. पण साबण आणि पाणी हाताशी असताना डाव्या हाताने जेवल्याने अन्न अस्वच्छ होत नाही. माझ्या मते लिहिणे आणि जेवणे यांत मुळीच तडजोड करू नये. तीर्थ-प्रसाद उजव्या हाताने घ्यावा असा आजीचा आग्रह असेल, तर तेवढ्यावरून घरात भांडण मांडण्याचे कारण नाही. मुलाला तो शिष्टाचार म्हणून सांगावा, डाव्या हाताचा दोष म्हणून नव्हे. पाहुण्यांनी टोकलेच, तर मुलाच्या देखतच उत्तर द्यावे: “काकू, त्याला याच हाताने नीट जमतं, जेवू द्या त्याला.” मुलाने स्वतःची बाजू स्वतः मांडावी अशी अपेक्षा इतक्या लहान वयात ठेवू नये. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करीत असला तरी स्वाक्षरी डाव्या हाताने करतो, हे सांगितले की बरेच काका निरुत्तर होतात.

तबल्याच्या शिक्षकांशी मात्र आधीच बोलून घ्यावे. डावरे वादक तबला आणि डग्गा यांच्या जागा बदलून वाजवू शकतात; शिक्षक त्याला तयार नसतील, तर दुसरे शिक्षक शोधावेत.