जुना वाडा नव्या वापरात आणताय? आधी या चुका टाळा

नागपूरच्या महाल-इतवारीतले काही जुने वाडे आता अभ्यासिका, दवाखाने, कॅफे होऊ लागलेत. पाडून फ्लॅट स्कीम टाकण्यापेक्षा हे कधीही बरं. पण या कामात पहिला मार बसतो तो भिंतींना, आणि तोही ओलीच्या धास्तीने.

गुडघ्याएवढ्या उंचीवर पोपडे आणि पांढरी भुकटी दिसली की ठेकेदाराचं उत्तर तयार असतं: सिमेंटचं प्लास्टर मारू, वरून वॉटरप्रूफ. आमच्या घरीही तेच केलं. दोन पावसाळ्यांत ओल खांद्यापर्यंत चढली! वीट-चुन्याची जाड भिंत जमिनीतलं पाणी ओढते आणि अंगावरूनच हवेत सोडते. सिमेंटने ती वाट बुजली की पाणी वर सरकतं, प्लास्टर संपेल तिथून बाहेर येतं, आणि त्याच्यासोबत आलेले क्षार विटेचाच भुगा करतात.

म्हणून सिमेंट हलक्या हाताने खरवडून काढा आणि उन्हाळाभर विटा उघड्या ठेवा. मार्च ते मे नागपूरचं ऊन फुकटात भिंत सुकवून देतं. प्लास्टर मात्र थंडीत: मुरवलेला चुना, वाळू, सुरखी (विटांची भुकटी). चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. मेच्या उन्हात तो नुसता वाळतो आणि तडकतो. वरून प्लास्टिक पेंट लावलात तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अर्थात, पाणी येतं कुठून हे कळल्याशिवाय थापी उचलूच नका. डाग छताजवळ असेल तर कवेलू (कौलं) किंवा पन्हळ बघा. खिडकीखाली असेल तर कूलर. आपल्याकडे चार महिने कूलर चालतो, त्याची टाकी कोरीव सागवानी चौकटीला टेकवलेली असते आणि मग वाळवीला दोष! कूलर वेगळ्या लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. डाग खालूनच चढत असेल तर दाराबाहेर जाऊन रस्ता बघा. सिमेंटचे रस्ते उंच झाले आणि कित्येक घरांची जोती रस्त्याच्या खाली गेली आहेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा सखल घरांचं काय होतं हे शहराने पाहिलंच. तुमच्या हातात एवढंच आहे की भिंतीलगत फरशी न घालता गिट्टी भरलेली चर ठेवायची आणि उतार बाहेर काढायचा.

वाड्याच्या मधल्या उघड्या चौकावर पॉलिकार्बोनेटचं छप्पर टाकून "एसी हॉल" करणं ही दुसरी हौस. चौक रात्री वाड्यातली गरम हवा वर सोडतो. तो झाकलात की पंचेचाळीस अंशांच्या दिवसांत भट्टी तयार, आणि मग विजेचं बिल. उन्हापुरती हिरवी नेट बांधा, पावसाआधी काढा.

वाडा वारसा यादीत असेल तर हेरिटेज समितीची परवानगी आधी घ्या. अर्धं काम झाल्यावर धावपळ नको.

माडीवर पुस्तकांची कपाटं ठेवणार असाल तर तुळयांची टोकं तपासा. मधला भाग खणखणीत असतो, सडतं ते भिंतीत घुसलेलं टोक. लाकडी हातोडीने ठोका. आवाज पोकळ आला तर कपाटं खालीच राहू द्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.