फी भरायच्या आधी हॉस्टेलचे बेड मोजा

खारघर, नेरूळ बाजूला ॲडमिशन घेताय आणि पोरगी लातूर-जळगावकडून येणार असेल तर कॉलेजला "हॉस्टेल आहे का" असं विचारू नका, आहे असंच सांगतात. "यंदा फर्स्ट इयरच्या मुलींना किती बेड देणार" हे विचारा. माझ्या भाचीच्या वेळी आम्ही ब्रोशरमधले फोटो बघून फी भरली आणि नंतर वॉर्डन मॅडमनी रजिस्टर उघडून दाखवलं तर वेटिंगमध्ये तिचं नाव पार दुसऱ्या पानावर.

हिशोब घरी बसून होतो. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारचं कॉलेजांचं रँकिंग, त्याला माहिती देणाऱ्या कॉलेजांच्या पीडीएफ साइटवर असतात, त्यात वर्षावार मंजूर सीट, मुलं किती, मुली किती, परराज्यातले किती, सगळं मिळतं. एक गोची आहे, राज्यातले म्हणजे ठाण्याचे पण आणि गडचिरोलीचे पण, त्यामुळे नुसता परराज्याचा आकडा धरून बेड पुरतील असं समजू नका.

आता खरी मेख. 60 सीटची नवी ब्रांच चालू झाली की पहिल्या वर्षी 60च पोरं दिसतात, पण चार वर्षांचा कोर्स असेल तर चौथ्या वर्षी 240 होतात, त्यातली निम्मी बाहेरगावची धरली तरी 120 बेड, तिघांच्या खोल्या धरा, 40 खोल्या झाल्या. आणि अशा ब्रांच दोन-तीन आल्या तर? कॅम्पसमध्ये तेवढं बांधकाम चाललंय का ते स्वतः जाऊन बघा, गेटवर सिनियर पोरांना विचारा, ते खरं सांगतात.

बेड नाहीच मिळाला तर पीजी. भाची वर्षभर टूबीएचकेमध्ये सात जणींबरोबर राहिली, फ्रिजच्या प्रत्येक कप्प्याला नावाची चिकटपट्टी, आंघोळीला सकाळी साडेपाचचा नंबर, फार वाईट वाटायचं मला. बेलापूर-पेंधर मेट्रो 2023 च्या नोव्हेंबरात चालू झाली, तेव्हा तळोजा बाजूला पण घर बघा. फ्लॅट भाड्याने घेतलात तर लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाड्याचा करार रजिस्टर करूनच घ्या, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे, तो टाळत असेल तर दुसरं घर शोधा.

एससी, नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेचा फॉर्म भरा, ठाणे-नवी मुंबईत शिकणाऱ्यांना वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मिळतात, फक्त मूळ रहिवासी तिथलाच नसावा लागतो.