ओव्हरक्लॉकला हात घालण्याआधी

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसरची चिप कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. त्याआधीची पहिली गोष्ट, गुरुवारी काहीही सुरू करू नका. पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट जाते ती बहुतेकदा त्याच दिवशी, आणि बायोसचं, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट अर्धवट असताना गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी खरंच दहा मिनिटं धरते का, ते आधी प्लग काढून बघा. अपडेट मात्र टाळू नका. इंटेलची तेराव्या-चौदाव्या पिढीची चिप असेल तर ऑगस्ट २०२४ नंतरचा बायोस हवाच, कारण त्या चिपा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या आणि त्यातून कायमच्या बिघडत होत्या.

चिप आणि बोर्ड ओव्हरक्लॉक करू देतात ना, हेही बघून घ्या. इंटेलमध्ये चिपच्या नावात के आणि बोर्डवर झेड मालिकेतला चिपसेट लागतो. एएमडीत बहुतेक रायझन मोकळे असतात, पण ए मालिकेतल्या स्वस्त बोर्डांवर हे जमत नाही.

आता खोली. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, एखादा साधा डिजिटल थर्मामीटर आणा आणि कॅबिनेटच्या पुढच्या पंख्याशेजारी ठेवा. कूलर हवेचा असो की पाण्याचा, खोलीपेक्षा गार काही तो करू शकत नाही; खोली एक अंश तापली की चिपही साधारण तेवढीच तापते. मी माझं सेटिंग डिसेंबरात रात्री अकराला ठरवलं होतं. खोली २० अंश, चिप ८२, मी खूश. एप्रिलमध्ये दुपारी दोनला खोली ३४ वर गेली, चिप ९६ वर, आणि व्हिडिओचं रेंडर अर्ध्यात असताना मशीन बंद. तेव्हापासून माझी चाचणी दुपारीच, एसी बंद ठेवून.

कॅबिनेटची जाळी ब्रशने साफ करा. आजूबाजूला बांधकाम चालू असेल तर धूळ महिन्याभरात परत येते. चिप आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक सोलायचं राहतं, हसू नका, भल्याभल्यांचं राहिलंय.

मग काही न बदलता अर्धा तास सिनेबेंच (चिपला पूर्ण कामाला लावणारी चाचणी) चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले आकडे वहीत उतरवा: घड्याळ (चिपचा वेग, गिगाहर्ट्‌झमध्ये), लोडवरचं, म्हणजे काम चालू असतानाचं, व्होल्टेज, वॅट, चिपचं आणि खोलीचं तापमान. वहीच, कारण मशीन हँग झालं की स्क्रीनवरचं सगळं जातं.

व्होल्टेज इतकं का जपायचं? उष्णता घड्याळाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.५ गिगाहर्ट्‌झवरून ४.८ वर जायला १.२० चे १.३५ व्होल्ट करावे लागले, तर वेग जेमतेम सात टक्के वाढतो आणि १०० वॅटचे १३५ होतात. म्हणून व्होल्टेज ऑटोवर सोडून घड्याळ वाढवू नका, बोर्ड हात सैल सोडून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतो. बायोसमध्ये १.३० दिलं तरी लोडवर १.२४ दिसेल. ही घसरण मुद्दाम ठेवलेली असते. ती पुसून टाकायला लोड-लाइन कॅलिब्रेशन (ही घसरण कमी करणारं बायोसमधलं सेटिंग) टोकाला नेलं, की लोड सुटताक्षणी व्होल्टेज क्षणभर वर उसळतं आणि सॉफ्टवेअरला ते दिसतही नाही. मधली पातळी घ्या. कुठल्या बोर्डावर लेव्हल एक सर्वांत कडक असते, कुठे सर्वांत सैल, तेव्हा मॅन्युअल उघडून ठेवा.

थांबायचा आकडा आधीच ठरवून वहीवर लिहा. रायझन ७००० च्या बहुतेक चिपांची मर्यादा ९५ अंश, इंटेलच्या बऱ्याच चिपांची १००. तिथे चिप स्वतःच वेग कमी करते. माझा आकडा दुपारच्या चाचणीत ८५.

शेवटी, बायोसच्या मूळ पानांचे मोबाइलवर फोटो काढा, सीमॉस क्लिअर करायच्या, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणायच्या, दोन पिना बोर्डवर कुठे आहेत ते टॉर्च मारून शोधा, आणि त्या जोडायला स्क्रूड्रायव्हर टेबलावरच राहू द्या.