अँबॅसेडरचे क्रॉस घरीच बदलले

पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून ‘टक्’ आणि वेग वाढला की सीटखाली थरथर. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) हाताने उलटसुलट फिरवून पाहिला, तर मागच्या क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्यातल्या अधिकच्या आकाराच्या तुकड्यात, चक्क खेळ (ढिलेपणा) होता.

आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावले. शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते, म्हणून हे आधी. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) हव्यातच. डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याच्या) फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीवर, आणि शाफ्टवर छिन्नीने समोरासमोर खूण केली, मग चार बोल्ट काढले. शाफ्ट मागे ओढताना गिअरबॉक्सचं ऑइल गळतं, खाली ट्रे ठेवा.

खरी कसोटी नव्या क्रॉसचे कप (त्याच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या टोप्या) बसवताना. आतल्या सुया (बारीक रोलर) ग्रीसने चिकटवून उभ्या ठेवाव्या लागतात. एक जरी आडवी पडली तर कप पूर्ण आत जात नाही आणि सर्कलिपची (कप अडवून धरणाऱ्या कडीची) खाच दिसत नाही. अशा वेळी हातोडी चालवू नका, कप बाहेर काढून सुई सरळ करा. मी व्हाइसमध्ये हळूहळू दाबले. क्रॉस बोटांनी सर्व बाजूंना सहज फिरला, तेव्हा जिवात जीव आला.

पुढचा क्रॉसही सोबतच बदलला. दोन्ही सारखेच झिजतात.